इंधनबदलाची पूर्वतयारी

शहरातील बसगाडी पहाटे आगारातून बाहेर पडते, तेव्हा तिच्यामागे एक मोठी व्यवस्था उभी असते. प्रवाशाला ती दिसत नाही, आणि दिसावी असे काही कारणही नसते. आदल्या रात्री कोणीतरी गाडी धुतलेली असते, कोणीतरी तिची टाकी भरलेली असते, फिटरने तिचे ब्रेक तपासलेले असतात आणि चालक-वाहकांच्या पाळ्या अशा रीतीने लावलेल्या असतात की, गाडीने दिवसभरात सुमारे २०० किलोमीटर धावून रात्री आगारात परत यावे. या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी डिझेल हे एकच गृहीत असते. डिझेलचा मोठा गुण असा की, ते निमूटपणे साठून राहते. शंभर गाड्यांच्या आगाराला दिवसाला सुमारे ५,००० लिटर डिझेल लागते. म्हणजे १२,००० लिटरांचा एक टँकर दर दोन दिवसांनी आला तरी काम भागते. गाडीची टाकी चार-पाच मिनिटांत भरते. टँकर एखादा दिवस उशिरा आला तरी जमिनीखालच्या टाकीतील साठ्यावर आगार चालू राहते. हे गृहीत बदलले की आगारातील बहुतेक कामे बदलतात. आणि ती बदलण्यास किती अवधी लागेल, कोणाला काय शिकावे लागेल आणि कोणती गोष्ट सर्वांत शेवटी तयार होईल, याचा अंदाज बांधणे म्हणजेच इंधनबदलाच्या सिद्धतेचे मूल्यमापन होय.

पर्यायी इंधनांची चर्चा एकाच दमात केली जाते. परंतु सिद्धतेच्या दृष्टीने त्यांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार जुन्याच वाटेने येणाऱ्या इंधनांचा. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल त्याच पंपावरून, त्याच नळीतून गाडीत पडते. वाहनधारकाला वेगळे काही करावे लागत नाही. त्यामुळे बदल घडून गेल्याचेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तेथे प्रश्न उरतो तो जुन्या गाड्यांतील रबरी भागांचा, आणि इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असल्याने लिटरमागे कमी पडणाऱ्या अंतराचा. दुसरा प्रकार नैसर्गिक वायूचा. त्यासाठी नवी वाट बांधावीच लागते. तिसरा प्रकार विजेचा. विजेची वाट घरोघरी आधीच पोहोचलेली आहे, आणि नेमकी हीच गोष्ट फसवी ठरते. तार आहे म्हणून वीज आहे असे वाटते. पण शंभर बसगाड्यांना लागेल इतकी वीज त्या तारेतून येऊ शकेल की नाही, हा प्रश्न कोणीतरी मुद्दाम विचारल्याखेरीज पुढे येत नाही.

यांपैकी दुसऱ्या प्रकारचा भारतातील सर्वांत मोठा अनुभव दिल्लीच्या नावावर जमा आहे. तो आता पाव शतकाइतका जुना झाला असला, तरी विजेवरील वाहनांचा विचार करणाऱ्याने तो प्रथम वाचावा इतका बोधक आहे.

दिल्लीच्या हवेच्या प्रदूषणाविरुद्ध वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. त्या प्रकरणाच्या ओघात, जानेवारी १९९८ मध्ये भुरेलाल यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमण्यात आले आणि त्याच्या शिफारशींच्या आधारे न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी एक सविस्तर आदेश दिला. १९९० पूर्वीच्या रिक्षा व टॅक्सी ३१ मार्च २००० पर्यंत बदलून स्वच्छ इंधनावर चालणारी नवी वाहने आणावीत. शहरातील बसगाड्यांची संख्या १०,००० पर्यंत न्यावी. आणि ३१ मार्च २००१ पर्यंत सर्व बसगाड्या केवळ दाबून साठवलेल्या नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, चालाव्यात, असे त्यात म्हटले होते. त्याच आदेशात आणखी एक कलम होते. शहरात त्या वेळी वायू भरण्याची अवघी ९ केंद्रे होती. ती मार्च २००० पर्यंत ८० करण्यास सांगितले होते. वाहने आणि केंद्रे यांची सांगड घालण्याचे भान आदेशाला होते, हे येथे नोंदवले पाहिजे. चूक झाली असेल तर ती आदेश वाचणाऱ्यांची. पहिली दोन वर्षे मुदत दूर आहे या समजुतीत गेली, आणि नंतरचे महिने मुदत वाढून मिळेल या आशेत.

दिल्लीला येणारा वायू मुंबईनजीकच्या समुद्रातून निघून हजिऱ्यापर्यंत येतो आणि तेथून उत्तरेकडे जाणाऱ्या प्रचंड नळमार्गाने पुढे जातो. शहरात तो वाटण्यासाठी डिसेंबर १९९८ मध्ये इंद्रप्रस्थ गॅस लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. वाटपाची पद्धत थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ तिच्यात सापडते. जे केंद्र नळमार्गाला थेट जोडलेले असते आणि ज्याच्याकडे मोठा कंप्रेसर असतो, त्याला ‘मदर स्टेशन’ म्हणतात. तेथे वायू २०० बारहून अधिक दाबाने नळकांड्यांच्या समूहात भरला जातो. ही नळकांडी ट्रकवर चढवून ज्या केंद्रांपर्यंत नळमार्ग पोहोचलेला नाही तेथे नेतात. ती ‘डॉटर स्टेशन’ होत. अशा केंद्रावर पहिल्या काही गाड्या पूर्ण भरतात. पण जसजसा वायू संपत जातो तसतसा नळकांड्यांतील दाब उतरतो आणि नंतरच्या गाड्यांची टाकी अर्धीमुर्धीच भरते. अर्धी भरलेली गाडी दुप्पट वेळा परत येते. त्यामुळे रांग वाढते. रांग वाढली की दाब अधिक लवकर उतरतो. आणि दाब उतरला की रांग पुन्हा वाढते.

२००१ व २००२ साली दिल्लीकरांनी जे अनुभवले ते हेच. रिक्षाच्या छोट्या नळकांड्यात जेमतेम तीन-चार किलो वायू मावतो, तेव्हा रिक्षावाल्याला जवळजवळ रोज केंद्रावर जावे लागे. तेथे काही तास उभे राहावे लागले की त्या दिवसाच्या कमाईचा मोठा भाग बुडे. पुष्कळजण रात्रीच रिक्षा रांगेत लावून तिच्यातच झोपत. केंद्रांची संख्या सांगणाऱ्या तक्त्यात यांतले काहीही दिसत नव्हते. तक्त्यात मदर स्टेशन एक आणि डॉटर स्टेशनही एकच मोजले जाई. प्रत्यक्षात दिवसाकाठी किती किलो वायू किती दाबाने देता येतो, या हिशेबात दोहोंमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर होते. सिद्धता मोजताना केंद्रे मोजू नयेत, क्षमता मोजावी, हा धडा येथे अत्यंत महागात शिकला गेला.

मुदत जवळ आली तेव्हा, म्हणजे २६ मार्च २००१ रोजी, ज्यांनी वायूच्या गाड्यांची मागणी नोंदवली होती त्यांना न्यायालयाने ३० सप्टेंबरपर्यंत सवलत दिली. तरीही १ एप्रिलनंतर रस्त्यावरील बसगाड्यांची संख्या एकाएकी घटली. थांब्यांवर ताटकळलेल्या प्रवाशांचा संताप रस्त्यावर आला. मुदत पुढे ३१ जानेवारी २००२ पर्यंत सरकली. दरम्यान रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने असे मत मांडले की, शासनाने उत्सर्जनाची मर्यादा ठरवावी, इंधन कोणते ते ठरवू नये. तत्त्व म्हणून हे मत विचार करण्याजोगे होते. न्यायालयाला मात्र त्यात कालहरणाचा धोका दिसला. ५ एप्रिल २००२ च्या आदेशाने डिझेलवर चालू राहिलेल्या प्रत्येक बसला दिवसाला ५०० रुपये आणि तीस दिवसांनंतर १,००० रुपये दंड बसवण्यात आला, आणि वायूचे वाटप करताना वाहतुकीला अग्रक्रम द्यावा असे केंद्र सरकारला बजावण्यात आले. हे दुसरे कलम दंडाइतकेच महत्त्वाचे होते. नळमार्ग व कंप्रेसर असूनही त्यांत भरण्यास वायूच पुरेसा वाट्याला येत नसेल, तर इतर तयारी व्यर्थ ठरते. १ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली परिवहन महामंडळाची अखेरची डिझेल बस शहराच्या सेवेतून निवृत्त झाली. दोन वर्षे आठ महिन्यांत व्हावयाचे काम चार वर्षे चार महिन्यांत झाले.

या इतिहासाचे दोन अर्थ लावले जातात. काहींच्या मते शहर तयार नसताना सक्ती केल्यामुळे लाखो प्रवाशांचे हाल झाले. इतरांच्या मते सक्ती झाली म्हणूनच शहर तयार झाले. ती नसती तर ९ केंद्रांची ८० केंद्रे कधीच झाली नसती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. हाल झाले ते प्रवाशांचे, रिक्षावाल्यांचे आणि ज्यांच्या मालकीच्या एक-दोन बसगाड्या होत्या अशा लहान मालकांचे. तयारीचा आराखडा ज्यांच्या हाती होता त्यांना रांगेत उभे राहावे लागले नाही. पूर्वतयारीचे मूल्यमापन कशासाठी करावयाचे, याचे याहून सरळ उत्तर नाही.

आता विजेकडे वळू. विजेवर चालणारी सार्वजनिक वाहतूक भारताला नवी नाही. मद्रासमध्ये १८९५ साली, कलकत्त्यात १९०२ साली आणि मुंबईत १९०७ साली विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या होत्या. त्या ट्रामचा एक फायदा असा की, वीज कोठवर पोहोचली आहे हे रस्त्यावर नुसते वर पाहिले तरी कळत असे. जेथे तार संपे तेथे ट्राम संपे. बॅटरीवरील बस आपली तार आगारातच ठेवून बाहेर पडते. तेव्हा तिची सिद्धता रस्त्यावर पाहून कळत नाही. ती आगारात जाऊन, आणि कागदपेन्सिल घेऊन, मोजावी लागते.

हिशेब फारसा अवघड नाही. बारा मीटर लांबीची वातानुकूलित बस शहराच्या गर्दीत किलोमीटरमागे सुमारे १.३ युनिट वीज घेते असे धरू. २०० किलोमीटरांना २६० युनिटे झाली. भरताना सुमारे एकदशांश वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून मीटरवर पडतील २९० युनिटे. शंभर गाड्यांना रोज २९,००० युनिटे लागतील. गाड्या रात्री अकरानंतर आगारात येतात आणि पहाटे पाचपासून बाहेर पडू लागतात. म्हणजे हाती सहा तास राहतात. या सहा तासांत ही वीज भरावयाची तर आगाराला सतत सुमारे ४,८०० किलोवॉट भार मिळाला पाहिजे. ३ किलोवॉटचा मंजूर भार असलेली १,६०० घरे एकाच वेळी आपला पूर्ण भार घेऊ लागली, तर जेवढी मागणी होईल तेवढी ही मागणी आहे, आणि ती एका कुंपणाच्या आत आहे. एवढी वीज रस्त्यावरच्या नेहमीच्या रोहित्रातून मिळत नाही. त्यासाठी ११ किंवा ३३ हजार व्होल्टांची स्वतंत्र वाहिनी उपकेंद्रापासून आगारापर्यंत आणावी लागते, आगारात रोहित्रे बसवावी लागतात; आणि उपकेंद्रातच शिल्लक क्षमता नसेल तर आधी ते वाढवावे लागते. रस्ता खोदण्याच्या परवानगीपासून रोहित्राच्या पुरवठ्यापर्यंतच्या या कामाला बसगाड्या तयार होण्यास लागतो त्याहून अधिक काळ लागू शकतो. नव्या गाड्या आगारात येऊन उभ्या आहेत आणि वीज अजून यावयाची आहे, असा प्रसंग म्हणूनच उद्भवतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू खर्चाची आहे. आगारात प्रत्येकी २४० किलोवॉटचे ५० चार्जर बसवले आणि रात्री गाड्या आल्या आल्या सर्व एकदम चालू केले, तर क्षणिक मागणी १२,००० किलोवॉटपर्यंत जाईल. प्रत्यक्ष गरज ४,८०० ची. मोठ्या ग्राहकाच्या वीजबिलात युनिटांच्या किमतीखेरीज महिन्यातील सर्वोच्च मागणीवरही आकार लागतो. तेव्हा एका रात्रीची ही घाई महिनाभराचे बिल फुगवते. कोणती गाडी कोणत्या क्रमाने भरावी हे ठरवणारा एक साधा तक्ता हा खर्च निम्म्याहून खाली आणू शकतो. पूर्वी डिझेल पंपावरच्या माणसाला असा तक्ता लागत नसे. तो आता कोण करणार, रात्रपाळीला कोण राबवणार, आणि तो माणूस महामंडळाचा की कंत्राटदाराचा, हे प्रश्न यंत्रांच्या यादीत नसतात. पण सिद्धतेच्या यादीत असलेच पाहिजेत.

यापुढचा प्रश्न गाडी किती लांब जाते हा. माहितीपत्रकातील आकडा नव्या बॅटरीचा आणि ठरावीक परिस्थितीतील चाचणीचा असतो. २५० युनिट क्षमतेची बॅटरी घेतली, तर ती शेवटच्या युनिटापर्यंत वापरता येत नाही. एकपंचमांश भाग राखून ठेवावा लागतो. राहिली २०० युनिटे, म्हणजे सुमारे १५० किलोमीटर. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता मुळच्या ८० टक्क्यांवर येते. तेव्हा तीच गाडी जेमतेम १२० किलोमीटर जाईल. पाळ्यांचा तक्ता मात्र २०० किलोमीटरांचा आहे. मग दुपारी गर्दी ओसरल्यावर गाडी एकदा भरून घेणे क्रमप्राप्त होते. आगार मार्गाच्या टोकापासून १२ किलोमीटर दूर असेल तर या एका खेपेत २४ किलोमीटर रिकामी गाडी पळवावी लागते, आणि भरलेल्या विजेचा मोठा वाटा तेथेच खर्च होतो. अशा मार्गासाठी चार्जर आगारात नव्हे, मार्गाच्या टोकाशी असले पाहिजेत. दुपारी भरण्याला आता आणखी एक कारण आहे. २०२३ साली केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या नियमांत दुरुस्ती करून, सूर्यप्रकाशाच्या तासांत विजेचा दर नेहमीपेक्षा १० ते २० टक्क्यांनी कमी आणि जास्त मागणीच्या वेळी तेवढाच अधिक असावा, असे ठरवले. बसगाड्यांची दुपारची विश्रांती आणि सौरविजेची सुगी एकाच वेळी येते, हा योगायोग उपयोगात आणण्यासारखा आहे.

मार्गागणिक फरक किती पडतो याचे एक टोकाचे उदाहरण हिमाचल प्रदेशात सापडते. तेथील राज्य परिवहन महामंडळाने २०१७ साली मनाली ते रोहतांग या सुमारे ५१ किलोमीटरांच्या घाटमार्गावर विजेच्या बसगाड्या सुरू केल्या. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर, आणि रोहतांगची खिंड जवळजवळ ४,००० मीटरवर आहे. दहा टन वजनाची गाडी १,९०० मीटर वर उचलण्यासच सुमारे ५२ युनिटे ऊर्जा लागते. रस्त्यावरील घर्षण व हवेचा विरोध यांसाठी लागणारी ऊर्जा वेगळी. सपाट प्रदेशातील सरासरी येथे लावली तर गाडी अर्ध्या वाटेवर थांबायची. उलट परतीच्या उतारावर मोटर जनित्रासारखी चालते आणि खर्च झालेल्या ऊर्जेचा बराच भाग बॅटरीत परत येतो. डिझेलची गाडी उतारावर काही परत देत नाही. ज्या मार्गाला पाहणाऱ्याने प्रथमदर्शनी अयोग्य ठरवले असते तो अशा रीतीने योग्य ठरू शकतो. परंतु हे सांगण्यापूर्वी तो मार्ग चढ-उतारांसह मोजावा लागतो. संपूर्ण ताफ्याला एकच गुण देणारे मूल्यमापन येथे निरुपयोगी ठरते.

यंत्रांइतकाच, किंबहुना अधिक, विचार माणसांचा करावा लागतो; आणि अहवालांत त्यालाच सर्वांत कमी जागा मिळते. डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा मेकॅनिक प्रत्येक आगारात असतो. त्याचे ते ज्ञान वीस-पंचवीस वर्षांच्या कामातून आलेले असते. विजेच्या बसमध्ये ऐकण्यासारखे फारसे काही उरत नाही. नारिंगी आवरणाच्या केबलींतून ५०० ते ७०० व्होल्टांचा प्रवाह वाहत असतो आणि त्यांना हात लावण्यापूर्वी गाडी वीजमुक्त झाल्याची खात्री ठरावीक पायऱ्यांनी करून घ्यावी लागते. हे शिकवता येते. जुन्या मेकॅनिकला ते शिकणे अशक्य आहे असे समजण्याचे कारण नाही. ब्रेक, दारे, स्टिअरिंग, टायर, वातानुकूलन यांचे काम तर तसेच राहते. अडचण वेगळीच आहे. अलीकडच्या बहुतेक योजनांत गाडी महामंडळाच्या मालकीची नसते. खाजगी कंपनी गाडी आणते, चालक नेमते, दुरुस्ती करते आणि महामंडळ तिला किलोमीटरमागे ठरलेला दर देते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेली १०,००० बसगाड्यांची पीएम-ई-बस सेवा ही योजना याच धर्तीची आहे. या पद्धतीने महामंडळाचा भांडवली भार हलका होतो हे खरे. पण जुन्या कार्यशाळेतील माणसे नव्या गाड्यांच्या जवळ येतच नाहीत, आणि दहा-बारा वर्षांनी करार संपतो तेव्हा महामंडळाकडे गाड्या नसतात आणि त्या दुरुस्त करू शकणारे हातही नसतात.

करारपद्धतीमुळे सिद्धतेचा आणखी एक घटक पुढे आला आहे. तो म्हणजे तिजोरी. ज्या महामंडळाला कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर देणे जड जाते, ते कंपनीचे मासिक देणे वेळेवर देईल याचा भरवसा सावकाराला वाटत नाही, आणि मग गाड्यांसाठी कर्ज महाग होते किंवा मिळतच नाही. या कारणाने सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ३,४३५ कोटी रुपयांची देयक-सुरक्षेची योजना मंजूर केली. रोहित्राची क्षमता जशी मोजतात तशीच महामंडळाची पत मोजावी लागते, याची ही एक प्रकारे कबुलीच आहे.

ताफ्याची सिद्धता अशी हिशेबात बसवता येते. समाजाची सिद्धता तितकीशी हिशेबी नसते. दिल्लीत, बिहारमध्ये, उत्तर प्रदेशात आणि बंगालमध्ये २०१० नंतर बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी ई-रिक्षा हजारोंनी रस्त्यावर आल्या. त्या कोणत्याही अहवालाने आणल्या नव्हत्या. सायकलरिक्षा ओढून थकलेल्या माणसाला कमी श्रमाचे आणि थोड्या भांडवलाचे साधन मिळाले, एवढेच कारण पुरेसे झाले. चार्जिंग केंद्रांची वाट त्यांनी पाहिली नाही. गल्लीतल्या मोकळ्या जागेत कोणीतरी पत्र्याचे छत घातले, भिंतीवर सॉकेटांची रांग लावली आणि रात्रभर गाडी ठेवून भरून घेण्याचे ठरावीक पैसे घेऊ लागला. कायदा मात्र मागे राहिला. ही वाहने मोटार वाहन कायद्याच्या कोणत्याच व्याख्येत नीट बसत नव्हती. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली, त्याच वर्षी नियम झाले आणि २०१५ साली कायद्यात दुरुस्ती करून त्यांना मान्यता देण्यात आली. या घटनाक्रमात समाज आधी सिद्ध झाला आणि शासन नंतर. त्याची किंमतही आहे. या गाड्यांत दीर्घकाळ शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या वापरल्या गेल्या. त्या वर्षभरातच निकामी होऊ लागतात आणि भंगारवाल्यांच्या हाती जातात. शिसे वितळवण्याचे काम वस्तीतल्या एखाद्या शेडमध्ये होत असेल, तर रस्त्यावरून गेलेला धूर दुसऱ्या आणि अधिक विषारी रूपाने घराशेजारी येतो. वस्तीची सिद्धता पाहू जाणाऱ्याने सॉकेट मोजून परत फिरू नये. जुनी बॅटरी कोठे जाते तेही विचारावे.

मध्यमवर्गीय वस्त्यांतील अडचण याच्या अगदी उलट स्वरूपाची आहे. तेथे गाडी घेण्याची ऐपत आहे, पण गाडी उभी करण्याच्या जागेपर्यंत तार नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की, वाहन भरून देणे म्हणजे वीजविक्री नव्हे, सबब त्यासाठी वेगळा परवाना नको. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती होऊन नव्या इमारतींतील २० टक्के वाहनतळ विद्युत वाहनांसाठी सज्ज असावेत असे सुचवण्यात आले. जुन्या इमारतींचा प्रश्न यामुळे सुटत नाही. वीस कुटुंबांच्या एखाद्या सोसायटीत पहिल्या सभासदाने चार्जर लावला तर कोणाला काही वाटत नाही. पाचव्याने मागणी केली की मीटरच्या खोलीतील मुख्य केबल अपुरी पडते, आणि ती बदलण्याचा खर्च पाचांनी द्यावा की विसांनी, यावर सर्वसाधारण सभा तहकूब होते. भाड्याने राहणाऱ्याचा तर या चर्चेत आवाजच नसतो. पहिल्याने तार ओढण्यापूर्वीच विसाव्याचा विचार करून केबल टाकली तर हा खर्च पुष्कळ कमी येतो. सोसायटीच्या सभेत हे पटवून देणारा एखादा निवृत्त अभियंता असणे, हीदेखील एक सिद्धताच म्हणावी लागेल.

हे सर्व वाचून, प्रथम सगळी तयारी करावी आणि मगच पहिली गाडी आणावी, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो व्यवहारात टिकणारा नाही. दक्षिण चीनमधील शेन्झेन या शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या १६,३५९ बसगाड्या विजेवर आणल्या. हे काम तेथे २००९ पासून चालू होते. पहिल्या थोड्या गाड्यांनी ज्या चुका दाखवल्या त्या पुढच्या हजारोंसाठी दुरुस्त करण्यास त्या शहराला आठ वर्षे मिळाली. दिल्लीला तेवढा अवधी दिला गेला नव्हता. आणि जो दिला होता त्यातला बराच वाया घालवला गेला. मूल्यमापन हे कालहरणाचे साधनही होऊ शकते, ही शंका न्यायालयाने २००२ साली बोलून दाखवली होती आणि ती निराधार नव्हती. ‘अमुक आगार तयार नाही’ एवढेच सांगणाऱ्या अहवालाचा उपयोग नाही. कोणत्या उपकेंद्रात किती क्षमता कमी पडते, ती वाढवण्यास किती महिने लागतील आणि ते काम कोणाकडे आहे, हे तीन तपशील ज्यात आहेत त्या अहवालाच्या आधारे गाड्यांची मागणी कधी नोंदवावी हे ठरवता येते.

दिल्लीत आता दुसरा इंधनबदल चालू आहे. जानेवारी २०२२ मध्ये दिल्ली परिवहन महामंडळाच्या ताफ्यात विजेची पहिली बस दाखल झाली. वीस वर्षांपूर्वी ज्या आगारांत वायूच्या कंप्रेसरसाठी जागा शोधावी लागली होती, तेथेच आता रोहित्रांसाठी जागा शोधावी लागते. आणि वायूच्या शेवटच्या गाडीचे आयुष्य संपेपर्यंत दोन्ही इंधनांची यंत्रे, दोन्ही प्रकारचे मेकॅनिक आणि दोन वेगळे पाळ्यांचे तक्ते एकाच आवारात सांभाळावे लागतात.